अ कोरस लाईन: एवढं गाजलेलं नाटक, मग सिनेमा का झोपला?

प्रश्न थोडक्यात असा आलाय, "१९८५ चा अ कोरस लाईन बघितला. मूळ म्युझिकल ब्रॉडवेवर १५ वर्षं चाललं म्हणतात, सिनेमाचा डायरेक्टर गांधी करणारा रिचर्ड अ‍ॅटनबरो, तरी सिनेमा एवढा फिका कसा? की नाटकच उगाच डोक्यावर घेतलं होतं लोकांनी?" विचारणारा पोरगा आपल्या नाशिकचाच आहे, आणि शेवटी त्याने हळूच टाकलंय की आमच्या ग्रुपला एका जुन्या संगीत नाटकावरून छोटी फिल्म करायचीय, म्हणून जरा त्या अंगाने सांगा.

सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

माझं काम साथीचं. संगीत नाटकाला ऑर्गन वाजवतो, आमच्याकडे कालिदास आणि सायखेडकर ह्या नाट्यगृहांत दौऱ्यावर येणारी नाटकं, स्पर्धेची नाटकं, हौशी मंडळींची नाटकं, सगळीकडे त्या कोपऱ्यात बसलेलो असतो, आणि मधेमधे रेकॉर्डिंगलाही जातो, त्यामुळे स्टेजवरचं गाणं आणि कॅमेऱ्यासाठीचं गाणं ह्या दोन्हीचा स्वयंपाक जवळून बघितलाय. न्यूयॉर्कला जाऊन ते नाटक बघायचा काही योग आला नाही, पण मूळ संचाची रेकॉर्ड ऐकून ऐकून पाठ झालीय, संहिता वाचलीय आणि सिनेमा दोनदा बघितलाय, दुसऱ्यांदा मुद्दाम, कुठे बिघडलं ते शोधायला.

नाटक डोक्यावर घेण्यासारखंच होतं हो. १९७५ ला आधी जोसेफ पॅपच्या पब्लिक थिएटरमध्ये लागलं, त्याच वर्षी जुलैत ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर, शुबर्ट थिएटरला गेलं ते थेट एप्रिल १९९० ला उतरलं, ६,१३७ प्रयोग. नऊ टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, शिवाय १९७६ चं पुलित्झर. आणि गोष्ट काय, तर काहीच नाही. एका म्युझिकलच्या कोरसमध्ये, म्हणजे मुख्य नटांच्या मागे रांगेत नाचणाऱ्या संचात, आठ जण हवेत, चार पोरं चार पोरी, त्यासाठी सतरा जण शेवटच्या फेरीत उरलेत आणि ऑडिशन चालू आहे. संपलं. हिरो नाही, व्हिलन नाही, इंटरव्हलसुद्धा नाही. सेट म्हणाल तर रिकामं स्टेज, मागे आरसे आणि जमिनीवर एक पांढरी रेघ. त्या रेघेवर सतरा जण ओळीने उभे.

हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो मायकल बेनेट, स्वतः कोरसमध्ये नाचून वर आलेला. त्याने १९७४ च्या जानेवारीत नाचणाऱ्या पोरापोरींना रात्रभर बसवून बोलतं केलं, लहानपण, आईबाप, पहिली नोकरी, सगळं टेपवर घेतलं आणि त्या टेपांमधून नाटक लिहिलं गेलं. लिहिणाऱ्या दोघांपैकी निकोलस दांते हा स्वतःच त्या टेपांवरच्या मंडळींपैकी, नाटकातल्या पॉल ह्या पात्राचं मोठं स्वगत त्याच्याच आयुष्यातलं. म्हणजे स्टेजवर जे बोललं जातंय ते कुणीतरी खरोखर कुणाला तरी सांगितलेलं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कळीची गोष्ट. ऑडिशन घेणारा डायरेक्टर आहे, झॅक नावाचा. सुरुवातीला तो स्टेजवर येऊन स्टेप्स घेतो आणि मग उतरून प्रेक्षागृहात मागे अंधारात जाऊन बसतो. त्यानंतर बहुतेक वेळ तो फक्त आवाज, माईकवरून येणारा. "नाव सांग. वय सांग. कुठून आलास? आता स्वतःबद्दल बोल." रेघेवरची पोरं अंधाराकडे तोंड करून उत्तरं देतात, बोलता बोलता अडतात आणि जिथे बोलणं पुरत नाही तिथे गायला लागतात. आणि त्या अंधारात झॅकच्या आजूबाजूला कोण बसलंय? तिकीट काढून आलेला प्रेक्षक. म्हणजे पोरगी झॅकला सांगतेय, पण बघतेय माझ्याकडे. मीच तिला घेणार किंवा काढणार आहे असं मला वाटायला लागतं, आणि आपल्याला एकदा का तसं वाटलं की त्या पोरीचं नाक, तिचे पाय, तिचं बालपण सगळं आपल्या जबाबदारीवर येतं.

हेच नाटकाचं इंजिन होतं. गाण्यांच्या चाली मार्विन हॅम्लिशच्या, सुंदरच आहेत, एडवर्ड क्लेबनचे शब्दही. पण चाल नेता येते, शब्द नेता येतात, प्रेक्षकाची खुर्ची सिनेमात नेता येत नाही. तिथे तिच्या बदल्यात दुसरं काहीतरी बसवावं लागतं, आणि अ‍ॅटनबरोच्या सिनेमात ते कुणी बसवलंच नाही.

सिनेमात झॅक झालाय मायकल डग्लस. स्टार आहे म्हटल्यावर कॅमेरा त्याच्याकडे सारखा जाणारच, त्याचा राग, त्याची चिडचिड, त्याचं कपाळ. झालं की मग! ज्या अंधाराला उद्देशून सगळी पोरं बोलत होती त्या अंधाराला चेहरा आला. आता ती पोरगी त्या माणसाशी बोलतेय आणि मी बाजूला उभा राहून दोघांना बघतोय. माझ्यावर काहीच नाही. नुसती जागा बदलली, पण अख्ख्या नाटकाचा दाब निघून गेला, प्रेशर कुकरची शिट्टी काढून भात लावल्यासारखं.

बरं, झॅकला चेहरा दिला म्हणून त्याला मग गोष्टही द्यावी लागली. नाटकात कॅसी नावाची एक आहे, पूर्वी झॅकबरोबर राहिलेली, एकेकाळी सोलो नाचणारी, आता काम नाही म्हणून परत कोरसमध्ये उभं राहायला आलेली. नाटकात त्यांचं जुनं प्रकरण आहे, पण त्यांच्या भांडणाचा जीव कामात आहे, तू एवढी वर गेलेली, आता परत रांगेत कशी उभी राहशील, असं त्याचं म्हणणं आणि मला नाचायचंय, मला काम दे, एवढं तिचं म्हणणं. सिनेमात हेच प्रकरण फुगवून मधोमध आणलंय, फ्लॅशबॅक काय, विंगेतली ये-जा काय. बाकी सोळा जण बिचारे ह्या दोघांचं कधी मिटतंय त्याची वाट बघत उभे असल्यासारखे वाटतात.

सगळ्यात जास्त जीव गेलाय तो व्हॉट आय डिड फॉर लव्ह ह्या गाण्याचा. नाटकात ते कुठे येतं बघा. पॉल नाचताना पडतो, गुडघा जातो, त्याला उचलून नेतात. मागे उरलेल्यांना झॅक विचारतो, उद्या नाचता आलं नाही तर काय कराल? थोडा वेळ सगळे आपापलं काहीबाही बोलतात आणि मग डायना नावाची पोरगी गाते, की जे केलं ते प्रेमापोटी केलं, त्याचा पस्तावा नाही. प्रेम कशावर? नाचण्यावर. आपल्याकडे नाटकवाल्यांनी घरदार विकून कंपन्या चालवल्या, त्या जातीचं ते प्रेम. सिनेमात हे गाणं डायनाकडून काढून कॅसीला दिलंय आणि ती ते झॅकच्या आठवणीत म्हणते. शब्द तेच, चाल तीच, आणि गाणं झालं ब्रेकअपचं. एका माणसाचं पद काढून दुसऱ्याच्या तोंडी घालणं हा प्रकार आपल्याकडेही चालतो, नटीचा आवाज बसला की सोयीसाठी करतात, पण तिथे निदान प्रसंग तरी तोच राहतो.

बाकीची मोडतोडही आहे. कॅसीचं आरशांसमोरचं मूळ गाणं जाऊन तिथे नवीन आलं. वयात येतानाच्या आठवणींचं एक लांबलचक, सगळ्यांनी मिळून गायचं गाणं होतं, हॅलो ट्वेल्व्ह, तेही गेलं आणि त्याच्या जागी सरप्राईज सरप्राईज नावाचं एक झगमगीत आलं. त्याला ऑस्करचं नॉमिनेशनही मिळालं, मिळू दे. पण ते ऐकताना १९८५ चा डिस्को लाईट डोळ्यासमोर येतो, ऑडिशन दिसत नाही. नाच बसवणारा जेफ्री हॉर्नाडे, फ्लॅशडान्स ह्या सिनेमावाला, आणि हा नाचही फ्लॅशडान्ससारखाच तुकड्यातुकड्यांत कापलाय, पाय, कंबर, घाम, परत पाय. नाटकात सतरा जण एका रेघेत होते आणि नजर कुणावर ठेवायची ते मी ठरवत होतो, एकीवर जीव जडला की तिलाच बघत बसायचं, ती चुकली की आपल्या पोटात गोळा. सिनेमात एडिटर ठरवतो. एडिटिंगलाही नॉमिनेशन होतं म्हणे, आणि कारागिरी वाईट नाहीच, फक्त रेघ दिसत नाही.

अ‍ॅटनबरोला नुसतं झोडपण्यात मला रस नाही. साधनं त्याच्याकडे भरपूर होती, माणूस नाटकातूनच आलेला. पण गांधीत त्याने जे केलं ते मोठ्या मैदानावरचं काम होतं, गर्दी, ट्रेन, अंत्ययात्रा. इथे गरज होती एका काळ्या खोलीत बसून सतरा माणसांचं ऐकून घेण्याची. आणि गंमत अशी की बेनेटला स्वतःला ह्याचं उत्तर माहीत होतं. त्याने सुचवलं होतं की सिनेमा करायचा तर ह्याच नाटकाच्या सिनेमासाठी ऑडिशन चाललंय असं दाखवू. म्हणजे रेघेवरची पोरं कुणाकडे बघून बोलणार? कॅमेऱ्याकडे! खुर्चीच्या जागी लेन्स. एवढी साधी गोष्ट, पण ती काही स्टुडिओला पटली नाही आणि बेनेट बाजूला झाला.

आता हे आपल्या संगीत नाटकाला कसं लागू होतं ते सांगतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

आपल्याकडे पद सुरू झालं की नट समोरच्या पात्राला सोडून दोन पावलं पुढे येतो आणि सरळ प्रेक्षकांकडे बघून गातो. पद आवडलं तर वन्समोअर येतो. मग आत्ता रडत असलेली सौभद्रातली सुभद्रा हसून नमस्कार करते, ऑर्गनवर मी परत सूर देतो, ती परत रडत तेच पद गाते आणि एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल केलं तेव्हापासून हा व्यवहार चालू आहे. गाणारा आणि ऐकणारा ह्यांच्यात आधीच ठरलेलं असतं की तू गा, आम्ही मानून घेतो. कॅमेऱ्याचं असं काहीच ठरलेलं नसतं. तो काही मानून घेत नाही, तो फक्त बघतो.

बालगंधर्वांचंच बघा. स्टेजवर स्त्री म्हणून आले की बायका त्यांची साडी नेसायची पद्धत उचलायच्या, एवढं लोकांनी मानून घेतलेलं. १९३५ ला प्रभातच्या धर्मात्मामध्ये ते एकनाथ झाले, पुरुषवेषात. मग १९३७ ला बाबुराव पेंटरांनी त्यांच्याच अमृतसिद्धी नाटकावरून साध्वी मीराबाई केला, त्यात ते मीरा, स्त्रीवेषात, वय पन्नाशीला टेकलेलं. गाणं तेच, गळा तोच, पण ज्या प्रेक्षकाने स्टेजवर इतकी वर्षं डोळ्यांवर घेतलं होतं त्यानेच पडद्यावर पाठ फिरवली. प्रेक्षक काही रातोरात बदलला नव्हता हो, फक्त त्यांच्या मधे लेन्स आली होती.

हेच मी अगदी जवळून बघितलं ते लॉकडाऊन उठता उठता. एका संस्थेने ठरवलं की प्रेक्षकांना बोलवता येत नाही तर सौभद्र रिकाम्या थिएटरात तीन कॅमेरे लावून शूट करू आणि ऑनलाईन टाकू. सुभद्रेचं काम करणारी पोरगी तयारीची, गळा गोड, तालमीत एकदम पक्की. "वद जाऊ कुणाला शरण" आलं आणि ती थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, हे मी कुणाला म्हणू?" आता त्या पदात सखीला उद्देशून चक्क "ग" आहे, म्हणजे पद सखीचंच. पण स्टेजवर आपण सखीला ठेवतो बाजूला आणि गातो रसिकांना. समोर हजारभर खुर्च्या रिकाम्या, मधे लाल लाईट लागलेला कॅमेरा. कॅमेरावाला ओरडला, "ताई, लेन्समध्ये बघू नका!" मग ती सखीकडे बघून गायली तर आवाज निम्म्यावर आला, कारण दीड हातावरच्या माणसाला कोण एवढं खुलून गाईल? खुलून गायली तर क्लोजअपमध्ये तानेच्या वेळी मानेच्या शिरा आणि जबडा, तेवढंच दिसायला लागलं, जे बाराव्या रांगेतून कधीच दिसत नाही. आणि पद संपल्यावर टाळ्यांची जी जागा असते, तिथे मी सवयीने सूर धरून ठेवला आणि समोर नुसती शांतता. पोरगी गडबडली, पुढचं वाक्य घाईत टाकून मोकळी झाली.

शेवटी पडदेवाला, मेकअपवाले काका, इस्त्रीवाला पोरगा असे चार-पाच जण उठवून पहिल्या रांगेत अंतर ठेवून बसवले आणि तिला म्हटलं, ह्यांना म्हण. एकदम फरक! गळा मोकळा झाला. पण फिल्म म्हणून ते तरी जमलं का? नाही. कारण बघणाऱ्याला तिच्यासमोरची ती चार माणसं दिसतच नाहीत, त्याला दिसते एक बाई कुठेतरी तिसरीकडे बघून गातेय.

टाळ्यांचं मी मुद्दाम सांगितलं. स्टेजची गाणी शेवटी टाळी मागणारीच बांधलेली असतात, आपली तीनदा म्हणून समेवर आणलेली तिहाई असो की ब्रॉडवेचा तो शेवटचा दणका. सिनेमात तिथे भोक पडतं. कोरस लाईन बघताना प्रत्येक गाण्यानंतर एक सेकंद काहीतरी चुकल्यासारखं वाटतं ना, ते हे. गाणं टाळीसाठी थांबलेलं असतं आणि टाळी द्यायला कुणी नसतं.

दुसरी गोष्ट लयीची, आणि ही साथीदाराशिवाय कुणी सांगणार नाही. स्टेजवर नट पुढे आणि मी मागे. त्याला आज एका शब्दावर थांबावंसं वाटलं तर मी थांबतो, खोकला आला तर मी भरून काढतो, रडू खरं आलं तर लय खाली घेतो. प्लेबॅकमध्ये उलटं. गाणं महिनाभर आधी रेकॉर्ड झालेलं असतं, श्वास कुठे घ्यायचा ते स्टुडिओत ठरलेलं असतं, आणि मग शूटिंगच्या दिवशी नटाने त्या ठरलेल्या श्वासात आपली भावना कोंबायची. हिंदी सिनेमाने ह्याच्यावर अख्खं साम्राज्य उभं केलं हे मान्य, पण ती गाणी लिहिलीच त्यासाठी होती. बोलता बोलता अडखळून गाण्यात शिरणारं नाटकातलं गाणं ह्या पद्धतीत मरतं. मुळात अडखळणं आधी रेकॉर्ड कसं करणार? टॉम हूपरने २०१२ च्या ले मिझराब्लला हे ओळखून सेटवर लाईव्ह गायला लावलं, नटाच्या कानात बारीक इअरपीस, सेटच्या बाजूला पियानोवाला, नट जाईल तसा तो जाणार, म्हणजे थेट आमचंच काम. अ‍ॅन हॅथवेचं गाणं आठवा, एका टेकसारखं, तिथे श्वास खरा आहे म्हणून अंगावर येतं. सगळं जमलंय असं नाही म्हणत मी, काही जणांचे गळे लाईव्हला पुरत नाहीत, ते काही लपत नाही.

आणि तोच हूपर २०१९ ला कॅट्स करून बसला. १९८१ ला लंडनला लागलेलं, २१ वर्षं चाललेलं म्युझिकल. स्टेजवर माणसं मांजरांसारखी हलतात आणि आपण त्यांना मांजरं मानतो, कपडे आणि मेकअप आहे हे दिसत असूनही. सिनेमाने कॉम्प्युटरवर खरी फर चिकटवली. म्हणजे आपण जे मानून घेणार होतो ते त्यांनी पुरावा देऊन सिद्ध करायला घेतलं. रिलीज झाल्यावर इफेक्ट्स सुधारून थिएटरना नवी प्रिंट पाठवावी लागली, ज्युडी डेंचचा माणसाचा हात अंगठीसकट तसाच राहून गेला होता म्हणून हसं झालं होतं. त्याबद्दल एवढंच पुरे.

मग जमतं कुणाला? बॉब फॉसीला जमलं. कॅबरे, नाटक १९६६ चं, सिनेमा १९७२ चा, आठ ऑस्कर. त्याने केलं काय, तर पात्रं घरात, रस्त्यात उभी राहून एकमेकांना जी गाणी म्हणत होती ती सरळ काढून टाकली. गाणी उरली ती क्लबच्या स्टेजवरची, जिथे समोर टेबलांवर बसलेले प्रेक्षक फ्रेममध्येच आहेत. क्लबच्या बाहेर म्हणाल तर एकच, बागेत नाझी पोरगा गातो ते, आणि तिथेही ऐकणारे आजूबाजूला बसलेत, एकेक जण उठून गायला लागतो आणि आपल्याला घाम फुटतो. २००२ च्या शिकागोत रॉब मार्शलने वेगळी युक्ती केली, गाणी नायिका रॉक्सीच्या डोक्यात घडतात, बाहेर तुरुंग आणि आत तिच्या मनातलं थिएटर. तिचं अख्खं वेड प्रेक्षकांसमोर उभं राहण्याचं, त्यामुळे ती मनातसुद्धा कुणासमोर तरीच गाते. सर्वोत्कृष्ट सिनेमाचं ऑस्कर मिळालं. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण दोघांनी आधी एकच प्रश्न सोडवला, हे गाणं कोण ऐकतंय?

आपल्याकडे कट्यार काळजात घुसली घ्या. दारव्हेकर मास्तरांचं नाटक १९६७ चं, संगीत अभिषेकी बुवांचं, खाँसाहेबांच्या कामात वसंतराव देशपांडे. २०१५ ला सुबोध भावेने सिनेमा केला तेव्हा आमच्या साथीदार मंडळींत नाकं मुरडणारे कमी नव्हते, पदं कापली, नवीन गाणी घातली, कव्वाली घातली. मलाही काही ठिकाणी खटकलं. तरी सिनेमा चालला, आणि माझ्या मते त्याचं कारण भव्य सेट वगैरे नाही. त्या गोष्टीत सगळे गवईच आहेत. दरबार आहे, स्पर्धा आहे, गाणाऱ्याच्या समोर ऐकणारा बसलाय आणि त्या ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय होतंय ह्याच्यावर पुढची गोष्ट ठरतेय. खाँसाहेब गातात तेव्हा कॅमेरा त्यांच्या प्रतिस्पर्धी पंडितजींवर जाऊ शकतो. कुणासाठी गातोय हा प्रश्नच उरत नाही. महेश काळेंना अरुणि किरणीसाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं, गाणं उत्तम आहेच, पण ते पडद्यावर उभं राहतं कारण त्याला फ्रेममध्ये श्रोता आहे. त्याच मंडळींचा २०२५ चा संगीत मानापमान मला तेवढा चढला नाही, आणि मला वाटतं फरक इथलाच आहे. धैर्यधर आणि भामिनी काही गवई नाहीत. ते प्रेमात, रागात, मानात गातात, ते गाणं रसिकांच्या भरवशावर लिहिलेलं आहे. १९११ च्या खाडिलकरांना आणि गोविंदराव टेंब्यांना समोर रसिक बसलाय हे गृहीतच होतं.

आता तुमच्या ग्रुपचं. फाळक्यांच्या जिल्ह्यातली पोरं आहात, कॅमेरा हातात घ्या, कोण अडवतंय. पण लोकेशन बघायला गोदाघाटावर जायच्या आधी, पांडवलेण्याला ड्रोन उडवायच्या आधी, संहिता घेऊन बसा आणि प्रत्येक पदाच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, कुणाला. काही पदं खरोखर समोरच्या पात्राला असतात, ती ठेवा, पण आवाज बोलण्याच्या पट्टीत आणा, ताना कापा, क्लोजअपला तान सोसत नाही. काही स्वतःशी असतात. आपल्या कानेटकर सरांच्या मत्स्यगंधामधलं "अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा" घ्या, ते स्वतःशीच म्हटल्यासारखं आहे, असं पद ओठ न हलवता नुसतं मागे वाजलं तरी चालतं, उलट जास्त लागतं. आणि नांदी, सूत्रधार, किंवा जिथे नट उघड उघड रसिकांनाच सांगतोय, तिथे सरळ लेन्समध्ये बघू द्या. बिनधास्त! किंवा मग फ्रेममध्ये ऐकणारा माणूस आणा, दारातून ऐकणारी मोलकरीण असो नाहीतर फोनवर पलीकडचा कुणी. ज्या पदाच्या बाजूला काहीच लिहिता येत नाही ते कितीही आवडतं असलं तरी सोडा, घरच्यांना दुखवायचं नाही म्हणून ठेवू नका. आणि शक्य असेल तर साथ सेटवर लाईव्ह घ्या, इअरपीस आता काही महाग राहिलेले नाहीत, साथीदार मिळेल, नाशिकमध्ये वाजवणारी माणसं आहेत.

आणि नाटक ग्रेट होतं हे कसं कळणार, असं वाटत असेल तर दोन गोष्टी करा. १९७५ ची मूळ संचाची रेकॉर्ड डोळे मिटून ऐका. मग २००८ ची एव्हरी लिटल स्टेप नावाची डॉक्युमेंटरी शोधून बघा, २००६ ला हेच नाटक ब्रॉडवेवर परत आलं तेव्हाच्या खऱ्या ऑडिशनची. त्यात बेनेटच्या त्या मूळ टेपांचे आवाज आहेत. पोरं येतात, नाव सांगतात, नाचतात, रडतात, बाहेर जातात. पॉलच्या कामासाठी जेसन टॅम नावाचा मुलगा ते मोठं स्वगत म्हणून दाखवतो आणि समोर टेबलामागे बसलेला बॉब एव्हियन, ज्याने १९७५ ला बेनेटबरोबर हे नाच बसवले, तो रडायला लागतो. म्हणजे सिनेमासाठी बेनेटने जे सुचवलं होतं, कॅमेऱ्यासमोर चाललेलं ऑडिशन, ते शेवटी असं वेगळ्याच वाटेने झालं. माझ्या मते कोरस लाईनचा खरा सिनेमा हाच.

अ‍ॅटनबरोचा सिनेमाही एकदम टाकून देऊ नका. शेवटचा वन हा नाच बघा, सोनेरी कपडे, टोप्या, ज्यांची नावंगावं आपण एवढा वेळ ऐकली ती सगळी माणसं एकसारखी होऊन रांगेत विरघळतात, तिथे सिनेमालाही नाटकाचा अर्थ सापडलाय. तेवढा मोबाईलवर नका बघू फक्त, टीव्हीला जोडा, मोबाईलवर पायच दिसत नाहीत.